दार ठोठावणारा विश्वास

(बंगळुरूतल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



‘देवावरचा विश्वास’ हा विषय ठरला तेव्हा दोन्हीकडून नाराजी आली. चळवळीतले मित्र म्हणाले, बायबल मध्येच कशाला? चर्चला जाणारे म्हणाले, विश्वासाच्या गोष्टीत जात कशाला आणतेस? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. देव आहे की नाही, हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ‘देवावर भरवसा ठेव’ असं आपल्या लोकांना सांगितलं जातं, तेव्हा त्यांनी नेमकं काय करावं अशी अपेक्षा असते? बहुतेक वेळा, गप्प बसावं अशी. पण ज्या पुस्तकाच्या आधारावर हे सांगतात, त्यात विश्वासाचा अर्थ असाच आहे का?

सुरुवात याच शहरातून करू. मिलर्स रोडवर युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. तिथल्या कॅरी सोसायटीसमोर एप्रिल 1981 मध्ये अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईशशास्त्राची मांडणी करणारं भाषण केलं. तोवर ‘भारतीय ख्रिस्ती विचार’ म्हणजे मुख्यतः वेदान्ताशी संवाद, आणि तो करणारे बरेचसे ब्राह्मण घरांतून आलेले. चर्चमध्ये बसणारे बहुसंख्य लोक मात्र गावकुसाबाहेरून आलेले. त्यांचा अनुभव या विचारात कुठेच नव्हता. निर्मल यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. पुढे याच वाटेवर दलित ईशशास्त्र उभं राहिलं, आणि निर्मल मद्रासच्या गुरुकुल लुथरन कॉलेजात त्या विषयाच्या विभागाचे प्रमुख झाले.

त्यांनी आधार घेतला तो अनुवादाच्या 26 व्या अध्यायाचा. तिथला प्रसंग असा: जमीन मिळाली, पहिलं पीक हाती आलं. शेतकरी पहिल्या फळांची टोपली घेऊन देवासमोर जातो. तिथे त्याला काही बोलायचं असतं. काय? माझा पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसरात परका म्हणून राहिला, तिथे आम्हांला राबवलं, छळलं, आम्ही आक्रोश केला आणि देवाने तो ऐकला. निर्मल म्हणतात, दलित ख्रिस्ती माणसाचा विश्वासही इथूनच सुरू होतो, आपण कोण होतो हे सांगण्यापासून. फरक एवढाच की त्या अरामी माणसाला निदान भटकण्याची मोकळीक होती. आपल्या पूर्वजांना तीही नव्हती.

या उताऱ्यातली वेळ लक्षात घ्या. हे बोलायचं ते उपाशी असताना नाही, टोपली भरल्यावर. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरातली ही पहिली पदवी आहे. म्हणजे पहिलं पीक. आणि नेमक्या याच टप्प्यावर मागचं लपवण्याचा दबाव सगळ्यांत जास्त असतो. आडनाव अर्धवट सांगायचं, गावाचं नाव सांगायचं पण वस्तीचं नाही. अनुवादाचा लेखक म्हणतो, टोपली भरली आहे ना, मग आता मोठ्याने सांग. पुढच्याच ओळींत तो पिकाचा वाटा लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायला लावतो. स्वतःचा इतिहास सांगणं आणि वाटा देणं, दोन्ही मिळून तो विश्वास.

आता ‘आक्रोश’ हा शब्द पाहू. निर्गमाच्या 3 ऱ्या अध्यायात देव मोशेशी बोलतो तेव्हा तो गुलामांच्या भक्तीचं कौतुक करत नाही. मुकादमांच्या जाचामुळे त्यांनी केलेली ओरड मी ऐकली आहे, असं तो म्हणतो. मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू देवालाच जाब विचारतो, मला का सोडलंस म्हणून. ते शब्द 22 व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत. म्हणजे देवाला असा प्रश्न विचारणं त्या परंपरेत अविश्वास मानलेलं नाही.

मराठीत या जातीचा प्रश्न 1855 साली छापून आला आहे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये आला. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारलं. मुक्ता ख्रिस्ती झाली म्हणून मी हे सांगत नाही. तिला ओढून कुठल्या चर्चमध्ये बसवायचं नाही. पण गप्प बसणं म्हणजे श्रद्धा, हे तिने मानलं नाही, एवढं मात्र स्पष्ट आहे.

मग चर्चमध्ये गप्प बसण्याची शिकवण आली कुठून? बायबलमधूनही आली, हे मान्य केलं पाहिजे. इफिसकरांस पत्रात दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितलं आहे. कोणता उतारा वाचायचा आणि कोणता गाळायचा, हे ज्याच्या हातात चर्च आहे तो ठरवतो. आणि चर्च कोणाच्या हातात आहे? भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या 2016 च्या दलितविषयक धोरणानुसार 1 कोटी 90 लाख कॅथलिकांपैकी सुमारे 1 कोटी 20 लाख दलित. बिशप मात्र 12. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कब्रस्तानात दलितांची थडगी वेगळी करणारी भिंत उभी आहे. ख्रिस्तात भेद नाही असं गलतीकरांस पत्र सांगतं, आणि मेल्यावरही भेद आहे असं ती भिंत सांगते.

बाबासाहेबांनी 1938 च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांसमोर भाषण केलं. ख्रिस्ताबद्दल ते आदराने बोलले, पण शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांवर त्यांनी कडक टीका केली. तुमच्यात शिकलेले पुष्कळ आहेत, पण मास्तर किंवा नर्स झालात की आपल्यापुरतं पाहता, अन्यायाविरुद्ध उभे राहत नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका फक्त ख्रिस्ती पदवीधरांनाच लागू पडते, असं मला वाटत नाही.

शेवटचा उतारा लूकच्या 18 व्या अध्यायातला. एक विधवा आहे. न्यायाधीश असा की त्याला ना देवाचं भय, ना माणसाची लाज. ती रोज त्याच्या दारात जाते, मला न्याय दे म्हणते. शेवटी तो वैतागून निकाल देतो. ही गोष्ट सांगून येशू विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? म्हणजे इथे विश्वासाचं उदाहरण कोण? कोर्टाच्या खेपा घालणारी बाई.

आपल्याकडे या खेपा चालूच आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. मधल्या 34 वर्षांची किंमत आपल्या बौद्ध घरांना सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. मद्रासच्या रस्त्यावर बसणारे सूसाई नावाचे चर्मकार कारागीर होते. सरकारी टपरी हिंदू चर्मकारांना मिळाली, त्यांना नाही, कारण ते ख्रिस्ती. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतर जात टिकते एवढं दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तिचा जाच तितकाच तीव्र आहे हे सिद्ध करा, असं न्यायालय म्हणालं. 2004 पासून पुन्हा याचिका आहेत. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला आणि त्याची मुदत वाढत गेली.

सूसाईंच्या निकालाने पुरावा मागितला आहे. ती भिंत, ते बिशपांचे आकडे, घरात एक नाव आणि दाखल्यावर दुसरं ठेवून काढलेली आयुष्यं, हाच तो पुरावा. तो गोळा करणं, लिहिणं, आयोगापुढे आणि न्यायालयापुढे मांडणं हे शिकलेल्यांचं काम आहे. तुमच्यापैकी कोणी कायदा शिकतंय, कोणी पत्रकारिता, कोणी माझ्यासारखं समाजशास्त्र. देव मानणाऱ्यांनी हे विश्वास म्हणून करावं, न मानणाऱ्यांनी न्याय म्हणून. त्या विधवेला कोणी सोबत केल्याचं लूकने लिहिलेलं नाही. आपण तिला एकटीला पाठवू नये.

जय भीम.