किल्ली कोणाच्या हाती द्यायची?



घर घेताना आपण महिनोन्महिने फिरतो. पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे, ऊन कोणत्या खिडकीतून येतं, सगळं विचारतो. तेच घर विकायची वेळ आली की मात्र येताजाता ज्याचा फलक दिसतो त्या एजंटला फोन लावतो आणि मोकळे होतो. माझं काम साठेखतं आणि खरेदीखतं तयार करण्याचं. माझ्याकडे लोक येतात ते बहुधा भाव ठरल्यावर, टोकन घेतल्यावर. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून त्याच्या आधीच्या पायरीविषयी आज बोलते.

समजा, पुण्यात कोथरूडला 1980 च्या सुमाराची तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर सत्तरीतलं जोडपं राहतं. जिने चढवत नाहीत, मुलं दूरच्या गावी. घर विकून लिफ्टच्या इमारतीत जावं असं ठरतं. तीन एजंट घर बघून जातात. एक सांगतो ऐंशी लाख, दुसरा पंच्याऐंशी, तिसरा म्हणतो, "काका, कोटीच्या खाली विकायचंच नाही." काकांना तिसरा आपला वाटतो, आणि किल्ली त्याच्याकडे जाते.

पुढचं मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. दोन महिने कोणी फिरकत नाही. मग एजंट म्हणतो, बाजार पडलाय. मग नव्वद, मग ऐंशी. शेवटी घर जातं ते पहिल्याने सांगितलेल्या भावाच्याही खाली, कारण एवढे दिवस पडून असलेल्या घरात काहीतरी खोट असणार, असं एव्हाना गिऱ्हाइकांना वाटू लागलेलं असतं. मोठा आकडा सांगायला एजंटला काही पडत नाही. तेव्हा आकडा ऐकल्यावर लगेच विचारा, "हा कशावरून?" आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोणता फ्लॅट किती क्षेत्राचा होता आणि कितीला नोंदला गेला, हे त्याला सांगता आलं पाहिजे. ते तुम्हालाही तपासता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. तिथे जुन्या व्यवहारांचे इंडेक्स टू पाहायला मिळतात. त्यात प्रत्यक्ष मोबदला किती आणि सरकारी बाजारमूल्य किती, दोन्ही लिहिलेलं असतं. नात्यातल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला बसवा, तो संध्याकाळभरात काढून देईल. क्षेत्र मात्र नीट वाचा. दस्तात ते बहुधा चौरस मीटरमध्ये असतं आणि एजंट चौरस फुटात बोलतो. त्यातही तो चटई क्षेत्र सांगतोय की बिल्ट-अप, हे विचारल्याशिवाय दराला अर्थ नाही.

आता दलालीचा हिशेब. दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही. आपल्याकडे साधारण एक ते दोन टक्के, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून, अशी रीत आहे. एक टक्का धरू. घर नव्वद लाखांना गेलं तर एजंटला नव्वद हजार, पंच्याऐंशीला गेलं तर पंच्याऐंशी हजार. म्हणजे तुमचे पाच लाख जातात तेव्हा त्याचे जातात पाच हजार. त्या पाच हजारांसाठी आणखी दोन महिने गिऱ्हाइकं फिरवण्यापेक्षा आज सौदा झालेला त्याला परवडतो. यात लबाडी नाही, टक्केवारीचा हिशेबच तसा आहे. पण हा हिशेब डोळ्यांसमोर असला की "पार्टी चांगली आहे, आत्ताच हो म्हणा" हे वाक्य किती गांभीर्याने घ्यायचं ते कळतं.

आणि म्हणूनच, श्रोतेहो, एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एजंट घरात आल्यावर सहज विचारतो, "का विकताय?" आपली माणसं मोकळी. पाणी-चहा देतात आणि सगळं सांगून टाकतात. ऑपरेशन आहे, मुलाचं कर्ज फेडायचंय, दिवाळीच्या आत पैसे हवेत. तीच गोष्ट आठवड्याने बैठकीत समोरच्याच्या तोंडून ऐकू येते, आणि मग तो भाव वाढवत नाही. तुमची निकड हीच तुमची सर्वांत महाग माहिती आहे. किमान किती आलं तर विकायचं, हा आकडा घरातल्या माणसांपुरता ठेवा. तिसऱ्याच घराबद्दल "त्या लोकांना पैशाची फार गरज आहे हो" असं तुम्हाला सांगणारा एजंट तुमच्याबद्दलही हेच दुसरीकडे सांगणार आहे, हे ओळखा. असा माणूस पहिल्या भेटीतच कळतो.

चांगला एजंट वेगळं विचारतो. तो आधी कागद मागतो. बिल्डरबरोबरचा मूळ करार आहे का? मधे घर कितीदा विकलं गेलं, आणि ते सगळे करार आहेत का? शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं? वारस किती? इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, अभिहस्तांतरण होऊन जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का? डिसेंबर 1985 च्या आधी फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर होत असत, आणि त्यातले कित्येक नोंदलेलेच नाहीत. आज घेणारा बँकेचं कर्ज काढून येतो आणि बँकेचा वकील पहिल्या करारापासूनची साखळी मागतो. ती तुटलेली असली की कर्ज अडतं, सौदा मोडतो, घेतलेलं टोकन परत करावं लागतं. हे पहिल्या दिवशी सांगणारा एजंट तुम्हाला कटकटीचा वाटेल. त्यालाच धरून ठेवा.

जुन्या इमारतीत आणखी एक पाहा. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर एजंटला स्पष्ट विचारा की तो त्या बिल्डरसाठीही काम करतो का, घेणारा त्याचा नातेवाईक किंवा भागीदार आहे का. पुनर्विकासात मिळणारी वाढीव जागा हिशेबात न धरता घर देऊन टाकलेली माणसं नंतर फार हळहळतात.

महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं काय, असं तुम्ही विचाराल. स्थावर संपदा कायदा 2016 चा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यासाठी आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या फेरविक्रीला ही सक्ती थेट लागू होत नाही. तरी नोंदणी क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून बघा. ज्याने परीक्षा दिली आणि स्वतःचं नाव-गाव सरकारदरबारी लिहून दिलं, तो निदान उद्या सापडतो. पण त्या क्रमांकावर विसंबून निर्धास्त होऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून कळून घ्या की अलीकडे कोणी घरं विकली. त्यांना भेटा, आणि ज्यांनी ती घेतली त्यांनाही भेटा. एजंटने काय लपवलं होतं, हे घेणारा जास्त मोकळेपणाने सांगतो.

पहिल्याच दिवशी "व्हाइट किती, कॅश किती?" असं विचारणाऱ्याला चहा देऊन निरोप द्या. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला बसू शकतो. एजंटला नाही.

निवड झाली की दोन पानं लिहून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी लिहा, ओळखीचा असला तर नक्कीच लिहा. काम एकट्याला दिलंय की इतरांनाही, किती दिवसांसाठी, दलाली किती, जीएसटी धरून की वेगळा. घेणाऱ्याने सांगितलेला प्रत्येक भाव तुम्हाला कळवायचा, आणि ठरलेल्या दलालीखेरीज मधला एक रुपयाही ठेवायचा नाही, हे शब्दांत असू दे. टोकनचा चेक तुमच्या नावावर, एजंटच्या नव्हे. कागदांच्या फक्त झेरॉक्स द्यायच्या, त्यावर "केवळ विक्रीच्या बोलणीसाठी" असं आडवं लिहून. मुलं परदेशी असतील आणि कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल, तर ते घरच्या विश्वासाच्या माणसाच्या नावे करा. एजंटच्या नावे कधीही करू नका, तो कितीही सज्जन असला तरी.

दलाली एकरकमी आधी देऊ नये. निम्मी साठेखत नोंदल्यावर, उरलेली सगळे पैसे खात्यात जमा झाल्यावर द्यावी. सौदा ठरल्यापासून तिथपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. त्या काळात घेणाऱ्याचं कर्ज, सोसायटीचं ना-देय प्रमाणपत्र, दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ, पन्नास लाख किंवा त्यावरच्या किमतीला घेणाऱ्याने कापून भरायचा एक टक्का टीडीएस, हे सगळं कोणीतरी मागे लागून करवून घ्यावं लागतं. निम्मी दलाली बाकी असलेला एजंट ते करतो. ताबा मात्र तुम्हीच द्या, आणि शेवटचा रुपया बँकेत दिसल्यावरच द्या.