पाहत उभे राहणारे मूल



शाळेत एखाद्या मुलास रोज चिडविणे, त्याचा डबा हिसकावणे, त्यास खेळात न घेणे, याला आपण पोरखेळ म्हणून सोडून देतो. परंतु चौघांनी मिळून एका दुबळ्यास वारंवार छळणे हा खेळ नव्हे. असे मूल अबोल होते, शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते. अशा वेळी ‘तूही दे एक ठेवून’ असा उपदेश न करता त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे व शिक्षकांस भेटावे.

तथापि आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते पाहत उभ्या राहणाऱ्या मुलांविषयी. कॅनडातील शाळांच्या पटांगणांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सोबत्यांपैकी कोणी मध्ये पडले, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला, असे त्यात आढळले. ‘पुरे, सोड त्याला’ एवढे म्हणणे लहानग्यासही साधते. भीती वाटल्यास त्याने शिक्षकांस सांगावे. ती चहाडी नव्हे, हे आपणच त्याच्या मनावर बिंबविले पाहिजे.

आणि छळणारे मूल आपलेच असेल तर? रंगावरून, व्यंगावरून, जातीवरून हिणविणे ते पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच शिकते. म्हणून प्रथम आपणच आपली जीभ आवरावी. गुणवंतांचा सत्कार आपण करतोच. एकट्या पडलेल्याची बाजू घेणाऱ्या मुलाचेही घरोघरी कौतुक व्हावे, इतके सुचवून आम्ही आपली रजा घेतो.