स्वस्ताईचे गणित : डी-मार्टची वाटचाल



मोठे स्वस्त भांडार येणार म्हटले की किराणा दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. म्हणूनच ही स्वस्ताई येते कोठून, हे जाणून घेणे विष्णुपुरी-नांदेडच्या व्यापाऱ्यास अगत्याचे आहे.

डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी हे मूळचे शेअर बाजारातील गुंतवणूकदार. १९९९ मध्ये त्यांनी नेरूळ येथे ‘अपना बाजार’ या सहकारी भांडाराची शाखा चालवून किराणा व्यापाराचा अनुभव घेतला. पुढे २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. विस्ताराची घाई त्यांनी केली नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीचे समभाग २९९ रुपयांस विक्रीस आले, तेव्हा स्थापनेला पंधरा वर्षे होऊनही दुकाने दीडशेच्या आतच होती. मार्च २०२५ अखेर ती ४१५ झाली.

या यशामागे तीन सूत्रे दिसतात. पहिले, जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीची. त्यामुळे भाडेवाढीचा बोजा नाही. दुसरे, दुकानात झगमगाट कमी आणि माल रोज खपणारा. तिसरे आणि सर्वांत मोलाचे सूत्र म्हणजे पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करणे. पैसे लवकर मिळाल्याने पुरवठादार दरात सवलत देतो. ती सवलत ग्राहकापर्यंत पोहोचते. ग्राहक वाढतो, माल झटपट उठतो आणि रक्कम पुन्हा खरेदीस मोकळी होते. २०२४-२५ मध्ये सुमारे ५९ हजार कोटी रुपयांची उलाढाल झाली, परंतु शंभर रुपयांच्या विक्रीमागे निव्वळ नफा पाच रुपयांहूनही कमी होता. थोडा नफा आणि मोठी उलाढाल, हेच या व्यवसायाचे मर्म.

हे तत्त्व आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हते. मोंढ्यात रोखीने खरेदी करणाऱ्यास भाव उतरवून मिळतो, हे प्रत्येक जुना व्यापारी जाणतो. आज मात्र लहान दुकानदार ग्राहकाच्या उधारीत आणि घाऊक व्यापाऱ्याच्या देण्यात दोन्हीकडून अडकतो. भांडवल वहीत गुंतून पडले की स्वस्त खरेदीची संधी हातची जाते.

लहान दुकानदाराला मोठ्या भांडाराशी भावात बरोबरी करणे कठीण आहे. पण चार दुकानदारांनी मिळून रोखीने खरेदी करणे, देणी वेळेवर फेडणे आणि न खपणारा माल न साठवणे, हे त्याच्या हाती आहे. शिवाय पेरणीच्या अडचणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबाला ओळखीवर वाणसामान देण्याचे काम आजही गल्लीतील दुकानच करते. ती आपुलकी टिकवून हिशेबाची शिस्त अंगी बाणवली, तर येणाऱ्या स्पर्धेत हे दुकान निश्चित तग धरील.