भरलेले कोठार

मंडळी, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. दुष्काळ पडला. लोक अन्नान्न करू लागले. पंतांनी बादशहाचे कोठार उघडले आणि धान्य वाटले. मग विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन त्याचे पैसे भरले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. लोक उपाशी होते, तेव्हा कोठार भरलेले होते!

१९४३ साली बंगालात असेच झाले. महायुद्ध चालू होते. तांदळाचे भाव कडाडले. मजुराच्या गाठीला पैसा नव्हता. लाखो माणसे भुकेने मेली.

१९७२ साली आपल्या महाराष्ट्रात पिके बुडाली. पण सरकारने गावोगाव कामे काढली. लोकांनी खडी फोडली, तलाव खोदले. मजुरी मिळाली, सुकडी मिळाली. माणसे जगली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

२०१३ च्या कायद्याने रेशनचे धान्य हा गरिबाचा हक्क ठरला. दुकानातल्या फळ्यावर भाव आणि साठा लिहावा लागतो. आता तुम्हाला वाचता येते. तो फळा वाचा. माप कमी पडले, तर रेशनकार्ड पुढे करा आणि विचारा. विचारायला भिऊ नका. ते धान्य तुमचेच आहे.