पकड करणारा गडी



न्हावरे हें शिरूर तालुक्यांतील घोडगंगा साखर कारखान्याचें गांव. तेथील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा हुतूतू खेळतां खेळतां 'मी याच खेळावर पोट भरीन' असें घरीं म्हणाला, तर वडिलांनीं काय उत्तर द्यावें? एका पिढीपूर्वीं हा प्रश्न हंसण्यावारी गेला असता. तेव्हां रेल्वे, पोलीस किंवा एखादी मोठी कंपनी चांगल्या खेळाडूला नोकरी देई आणि त्या नोकरीच्या आधारानें खेळ चाले. २०१४ च्या जुलै महिन्यांत आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली, बोली लावून खेळाडू घेतले जाऊं लागले आणि कबड्डी हा स्वतंत्र पेशा झाला. त्या पेशांत ज्याच्याकडे प्रेक्षकांचें लक्ष कमी जातें, त्या पकड करणाऱ्या गड्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा मैदानांत चढाई करणारा एकटा येतो. त्याला तीस सेकंद मिळतात आणि समोर फार तर सात गडी असतात. एका दमांत त्यानें तिघांना स्पर्श केला तर तीन गुण. त्याला धरून ठेवणाऱ्यांना मात्र गुण एकच. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां केलेल्या पकडीला तेवढे दोन गुण मिळतात. एका सामन्यांत चढाईचे दहा गुण मिळविणाऱ्याचा जसा गौरव होतो, तसा पकडीचे पांच गुण मिळविणाऱ्याचा होतो; यावरून पकड किती दुष्कर तें ध्यानीं येईल. कोपऱ्यावरचा गडी घोटा किंवा मांडी धरतो. मधला गडी कमरेला मिठी घालतो वा धडक देऊन चढाईवाल्याला रेषेबाहेर लोटतो. क्षणभर आधीं झेप घेतली कीं तो स्वतःच बाद. म्हणून या कामीं बळाइतकाच धीर लागतो. आणि धांवत्या देहाचा आघात दर वेळीं गुडघा, खांदा व बोटें यांनाच सोसावा लागतो.

विशाल माने यांचें उदाहरण घ्या. २०१४ पासून ते यू मुंबा संघांत मधली फळी सांभाळीत होते. २०१५ सालीं त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. २०१७ सालीं पाटणा संघ विजयी झाला, तेव्हां माने पाटण्याच्या बाजूनें उभे होते. २०१९ सालीं दिल्ली अंतिम सामन्यापर्यंत गेली. त्या संघांतही ते होते. पुढें बंगालचा अंगरखाही त्यांनीं चढविला. गिरीश इरनाक हे डाव्या कोपऱ्याचे गडी. त्यांनीं २०१८ सालीं पुण्याच्या संघाचें नेतृत्व केलें, त्याच वर्षीं आशियाई स्पर्धेंत भारताकडून खेळले, आणि नंतर गुजरातेकडे गेले. त्या आशियाई स्पर्धेंत उपांत्य सामन्यांत भारताला हरविणाऱ्या इराणच्या बाजूस फझल अत्राचली हा गडी होता. त्यानेंही मुंबई, पाटणा, गुजरात, पुणें असे संघ पालटले. आणि लीगमध्यें पकडीचे पांचशेंहून अधिक गुण मिळविले.

एका तालमीचा पैलवान जन्मभर त्याच तालमीचा, ही आपली जुनी समजूत. त्या मापानें मोजूं जातां हे गडी फिरस्ते ठरतील. पण ज्याला सामना जिंकावयाचा आहे, तोच अशा गड्याची किंमत जाणतो, आणि एकानें सोडतांच दुसरा त्याला बोलावतो. हें फिरस्तेपण म्हणजे त्याच्या कसबाची पावतीच होय.

तथापि तिची दुसरी बाजूही घरच्यांनीं पाहावी. करार संपला कीं हक्क संपतो, आणि ज्या गुडघ्यावर पेशा उभा, तो पस्तिशीच्या आंतच कुरकुरूं लागतो. यास्तव मुलाला अडवूं नये. पण शिक्षण किंवा नोकरीचा धागा तोडूं देऊं नये, आणि दुखापतीचा खर्च कोण सोसणार, हें करारावर सही करण्यापूर्वींच विचारावें.

आणि आपण प्रेक्षकांनींही एक करावें. पुढल्या खेपेस बालेवाडीला सामना पाहावयास जाल, तेव्हां चढाईवाल्यावरची नजर थोडी ढळूं द्या. कोपऱ्यांत वांकून, हात पसरून जो स्तब्ध उभा आहे, त्याच्याकडे पाहा. त्याच्या थांबण्यावरच पुष्कळदां सामना ठरतो.