शर्यतीची मोटार आणि तिचे टायर



मोटारीच्या टायरवर एक संपूर्ण व्याख्यान, आणि तेही वसंत व्याख्यानमालेत, हे पत्रिकेत वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावर येतात तेथे रबराच्या चाकाचे काय काम, असा प्रश्न त्यांना पडणे रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की आज या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेक जण रबरावर बसूनच येथवर आले आहेत, आणि ते रबर रस्त्याला का धरते याचा विचार आपण सहसा घसरून पडल्यानंतरच करतो. तो जरा आधी करावा म्हणून आम्ही हा विषय निवडला. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतल्या एका हौशी खेळाचे.

या खेळाला तिकडे ड्रॅग रेसिंग म्हणतात. वळण नाही, चढ नाही, उतार नाही. पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची सरळ पट्टी. तिच्यावर शेजारी शेजारी दोन गाड्या. दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि टोक आधी गाठायचे. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे काही नवल वाटणार नाही. तेथेही वाट सरळ, तेथेही सगळा खेळ सेकंदांचा. फरक एवढाच, की बैलाला वेसण आहे आणि मोटारीला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरे जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिने ठोकूनठाकून भर रस्त्यावर असल्या शर्यती लावीत. माणसे मरत, पोलीस मागे लागत, आणि वर्तमानपत्रे या पोरांना गुंड ठरवून मोकळी होत. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. तिचा मुख्य हेतू हा, की पोरांना वेगाची हौस असेल तर ती त्यांनी रस्त्यावर न भागवता बंद पट्टीवर, तपासणी करून, नियमाने भागवावी. आम्हांला हा हेतू फार शहाणपणाचा वाटतो. हौस दडपली तर ती रात्री दोन वाजता वळणरस्त्यावर बाहेर पडते, हे आपल्याही शहरांत आपण पाहतोच.

त्या पट्ट्यांवर आजही कोणीही फी भरून आपली रोजची गाडी पळवू शकतो. सोमवारी कचेरीला नेणारी गाडी शनिवारी शर्यतीत. आज आम्हांला बोलायचे आहे ते अशाच माणसाविषयी. त्याच्याजवळ गाडी एक आणि पैसा बेताचा. त्याने टायर कोणते घ्यावेत?

आता थोडे गणित करू. शाळेतल्यापेक्षा अवघड नाही. गाडीचे वजन १५०० किलो धरा. प्रत्येक चाकावर ३७५ किलो आले. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब, तर हे ३७५ किलो पेलायला जमिनीला टेकलेला भाग सुमारे १६५ चौरस सेंटिमीटर लागतो. आपला पंजा बोटांसकट जमिनीवर टेकवला तर जवळजवळ तेवढीच जागा व्यापतो. दीड टनाची गाडी अशा चार पंज्यांवर उभी असते, आणि इंजिनाने कितीही जोर केला तरी तो जोर जमिनीला पोचतो तो यांतल्या दोनच पंज्यांतून. कारण बहुतेक गाड्यांत इंजिन दोनच चाके ओढते.

शाळेत आपण शिकलो, की घर्षण हे वजनावर अवलंबून असते, टेकलेल्या जागेवर नाही. लाकडाच्या ठोकळ्याला हा नियम ठीक आहे. रबर मात्र तो पाळीत नाही. रबर खडीच्या बारीक खाचांत दबून बसते, दगडाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि ताणले गेले की सुटताना त्रास देते. वजन दुप्पट केले तर पकड दुप्पट होत नाही, दुपटीहून थोडी कमी होते. म्हणून तेच वजन अधिक जागेवर पसरवले तर पकड वाढते. आणि रबर जितके मऊ तितके ते खाचांत खोल बसते. रुंदी, हवा आणि रबराचा मऊपणा या तीन गोष्टींभोवतीच या खेळातली टायरची सारी विद्या फिरते.

आणखी एक गोष्ट गाडी सुटताना घडते. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागे जातो. तसे गाडीचे वजनही मागच्या चाकांकडे सरकते. ज्या गाडीची मागची चाके ओढतात तिला हा सरकलेला भार मिळतो, आणि जिची पुढची ओढतात तिच्या पायाखालून तो निघून जातो. आपल्या जुन्या ॲम्बॅसिडर आणि फियाट पहिल्या जातीच्या. १९८३ साली आलेली मारुती दुसऱ्या जातीची, आणि आज आपल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या बहुतेक लहान गाड्या तिच्याच गोत्रातल्या. आम्ही हिशेब मांडून पाहिला. मागच्या ओढीची गाडी, निम्मे वजन मागच्या चाकांवर, आणि साधा टायर ज्याची पकड वजनाच्या नऊदशांश: तर गाडी गुरुत्वाच्या सुमारे ५४ शतांश वेगवृद्धी घेऊ शकते. मऊ टायर घालून पकड दीडपट वजनाएवढी केली, तर गुरुत्वाएवढी. पहिले साठ फूट तोडायला पहिलीला सुमारे २.६ सेकंद लागतात, दुसरीला १.९. पुढच्या ओढीच्या गाडीत ६० टक्के वजन पुढे धरले तरी तोच मऊ टायर तिला गुरुत्वाच्या ७० शतांशापलीकडे नेत नाही. इंजिनात हे सामर्थ्य आहे असे अर्थात आम्ही गृहीत धरले आहे. नसेल, तर महागडा टायर म्हणजे बकरीच्या गळ्यात हत्तीची घंटा.

पहिल्या साठ फुटांना त्या पट्टीवर एवढा मान का, हे यावरून कळेल. तेथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग टोकाला पोचेपर्यंत दीडपट-दुप्पट होतो असा खेळाडूंचा अनुभव आहे. म्हणून जाणता माणूस इंजिनावर पैसा ओतण्यापूर्वी टायरकडे पाहतो. नवखा नेमके उलट करतो, आणि त्याची गाडी एका जागी उभी राहून धूर काढते. प्रेक्षकांना ते फार आवडते.

ज्याने अजून एकही शर्यत पळवलेली नाही, त्याने काहीही विकत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. असलेल्या टायरवर दहा-वीस फेऱ्या माराव्यात. ओढणाऱ्या चाकांतली हवा बत्तिसावरून अठ्ठावीस, फार तर पंचवीस पौंडांवर आणून पाहावी. याहून उतरवण्यात लाभ नाही. साध्या टायरची हवा फार कमी केली की मधला भाग वर उचलला जातो, भार दोन्ही कडांवर येतो आणि पकड उलट घटते. सुरुवातीच्या रेषेमागे चाके भिजवण्यासाठी पाणी टाकलेले असते, त्याला वळसा घालून जावे. नक्षी असलेला टायर त्या पाण्यात गेला की खाचांतून पाणी घेऊनच रेषेवर येतो, आणि स्वतःबरोबर मागच्याचाही घात करतो. चाकाला चिकटलेले खडे झटकण्यापुरते एकदा चाक फिरवले की पुरे. आणि एक लक्षात ठेवावे: हौशी शर्यतींचा एक मोठा प्रकार असा आहे, की ज्यात आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधीच सांगायचे असते, संथ गाडीला तेवढी आघाडी मिळते, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचणारा बाद होतो. तेथे वेगापेक्षा नेमस्तपणाला किंमत आहे. साध्या टायरवर शांत डोक्याने पळणारा माणूस तेथे भल्याभल्यांना घरी पाठवतो.

पुढची पायरी म्हणजे ड्रॅग रेडियल. आमच्या माणसाचा खरा मोह हाच आहे, म्हणून येथे जरा थांबू. दिसायला हा रस्त्याचाच टायर. कायद्याने रस्त्यावर चालतो. अंगावर चार नक्षीच्या रेघाही असतात. पण रबर शर्यतीचे. अमेरिकेत मोटारीच्या बहुतेक टायरांच्या बाजूवर झिजेचा एक आकडा छापतात. ठरावीक नमुना टायरला १०० मानून तो देतात. घरगुती टायरचा आकडा चारशे, पाचशे असतो. चपळ गाडीच्या टायरचा दोनशेच्या आसपास. ड्रॅग रेडियलचा शंभराच्याही पुष्कळ खाली, क्वचित शून्य. शून्य हा आकडा छापणारा कारखानदार प्रामाणिक आहे असे आम्ही म्हणू. मिकी थॉम्पसन, निट्टो, हूझियर ही या धंद्यातली जाणती नावे. यांतला मिकी थॉम्पसन हा कोणी शेटजी नव्हे. १९६० साली बॉनव्हिलच्या मिठागरावर चारशे मैलांहून अधिक वेग गाठणारा खेळाडू तो हाच.

हा टायर सोळा-अठरा पौंड हवेवर पळवतात. पाण्यात थोडा भिजवून, जागच्या जागी फिरवून, धुराची पहिली वाफ दिसेपर्यंत तापवला की तो जमिनीला धरतो. गुण असे आहेत. दोष असे, की नक्षी उथळ असल्याने पावसात तो पाण्यावर तरंगतो. थंडीत रबर लाकडासारखे होते. आणि वारंवार तापून निवाल्याने, झीज फारशी न दिसताही, ते कडक होत जाते. आता घरी परतताना गाठ पडली पावसाशी, गाडीत मुलेबाळे, आणि खाली हा टायर. कायद्याने चालतो याचा अर्थ शहाणपणाने चालतो असा होत नाही.

तिसरा तो स्लिक: संपूर्ण गुळगुळीत, पातळ बाजूंचा, दहा-बारा पौंडांवर पळणारा, रस्त्यावर अजिबात न चालणारा. आपल्याकडे टक्कल पडलेला टायर फेकून देतात आणि तेथे मुद्दाम टक्कल घडवून विकतात, यात विसंगती नाही. नक्षी असते ती पाण्याला वाट देण्यासाठी. कोरड्या पट्टीवर तिच्यामुळे जागा फुकट जाते. आपल्या टकल्या टायरचे रबर मात्र म्हातारे आणि कडक असते, आणि आतले धागे वर आलेले. पुष्कळ स्लिक आडव्या-तिडव्या धाग्यांचे, म्हणजे आपले ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात त्या बांधणीचे असतात. सुटताना त्यांच्या बाजूंना सुरकुत्या पडतात, पीळ साठतो आणि झटका मऊ होतो. पण मागे नायलॉन आणि पुढे रेडियल अशी मिसळ केली, तर टोकाशी वेग चढल्यावर गाडी शेपूट हलवू लागते. हा धोका खरा आहे. काटकसर म्हणून तो कोणी पत्करू नये.

उंचीचा मुद्दा लोक विसरतात. सव्वीस इंचांच्या जागी अठ्ठावीस इंचांचा टायर बसवला, की चाकाचा रेटा सात टक्के घटतो. पकड मिळवायला गेलो आणि जोर गमावून बसलो, असे व्हायला नको. आणि टायरने जमीन घट्ट धरली, की आजवर चाक घसरून जो झटका वाया जात होता तो आता आसाला, गिअरला, क्लचला बसतो. दुवा कोठेतरी तुटणारच. तो कोणता, हे टायर घेण्यापूर्वी मिस्त्रीला विचारावे.

आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. ही बंद पट्टीची वाट आपल्या पोरांनी धरली तर आम्हांला आनंदच आहे. पण एक फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेतल्या कायम पट्ट्यांवर चिकट द्रव फवारतात आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या रबराचा थर बसलेला असतो. चप्पल घालून चालले तर ती मागे राहावी इतका तो चिकट. मऊ टायरची खरी करामत त्या थरावर. उघड्या, धुळीच्या धावपट्टीवर त्याच टायरचा लाभ बराच उणावतो. तेथे पैसे टायरपेक्षा चांगल्या चालकाच्या सरावात घालावेत.

मग आमच्या बेताच्या माणसाने करावे काय? जुन्या बाजारात चाकांची एक जादा जोडी घ्यावी आणि तिच्यावर ड्रॅग रेडियल चढवून ठेवावेत. टायर जुना असला तर बाजूवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. विकणारा काहीही सांगो. घरून साध्या टायरवर निघावे. पट्टीवर जॅक लावून ओढणारी दोन चाके बदलावीत, नट मापाच्या पान्याने आवळावेत, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा पाहावेत. संध्याकाळी चाके परत बदलावीत, आणि सकाळी उतरवलेली हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरून घ्यावी. ती भरल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये.