तांब्याची तार : ऐकणारे टोक आणि बोलणारे टोक



टेलिफोनच्या तारेतून माणसाच्या आवाजापलीकडे फारसे काही जायचे नाही, असा पुष्कळांचा समज असे. दोष तारेचा नव्हता. बोलणे समजण्यास सेकंदाला 300 ते 3400 कंपने पुरतात; म्हणून एक्स्चेंजमध्ये बाकीची गाळून टाकीत. जुना मोडेम 56 किलोबिटांपुढे जाईना, तो यामुळेच. तार मात्र दहा लाखांहून अधिक कंपने वाहू शकत होती. तिला कोणी विचारलेच नव्हते!

एडीएसएलने विचारले. 1999 च्या आंतरराष्ट्रीय मानकात सुमारे 11 लाख कंपनांपर्यंतच्या पट्ट्याचे 256 भाग पाडले आहेत. तळाचे आवाजासाठी मोकळे सोडले, म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर सुखाने नांदतात. उरलेला प्रत्येक भाग मोडेम आधी तपासून पाहतो. बैलाची ताकद पाहून ओझे लादावे, तसे स्वच्छ भागावर जास्त, गोंगाटाच्या भागावर थोडे किंवा मुळीच नाही.

खरी अडचण पुढेच आहे. एक्स्चेंजपाशी शेकडो तारा एकाच केबलमध्ये खेटून असतात आणि एकीचा संदेश दुसरीत झिरपतो. जोडीला पीळ दिल्याने हे कमी होते, संपत नाही. आपल्या घरून निघालेला संदेश तेथे थकून पोहोचतो, तोच शेजारच्या तारेवरून ताज्या दमाचा संदेश बाहेर पडत असतो. मग थकलेल्याचे कोण ऐकणार? अमेरिकेतील बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेचलायडर यांनी ओळखले की, जाणाऱ्यास अरुंद आणि येणाऱ्यास रुंद असे वेगळे पट्टे दिले, तर एकंदर माल जास्त जातो. ग्राहकाकडून जाणाऱ्यास सुमारे 25 हजार ते 1 लाख 38 हजार कंपने मिळाली. त्यावरचा सारा पट्टा येणाऱ्याचा.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे बिनतोड. पण त्यात एक गृहीत आहे: ग्राहक मुख्यतः ऐकणार, बोलणार थोडे. (या मांडवातली व्यवस्था तीच आहे, हे आम्ही कबूल करतो.) घरबसल्या चित्रपट दाखवण्याच्या कल्पनेतून हे तंत्र वाढले, तेव्हा ते शोभले. 2020 साली शाळा घरी आली, तेव्हा मुलाचा चेहरा आणि आवाजही वर पाठवायचा होता. ज्या घरांत हीच तार उरली होती, तेथे मास्तर स्पष्ट दिसत. मुलाचे उत्तर मात्र तुटत तुटत पोहोचे, आणि मास्तर म्हणत, ‘‘पुन्हा सांग.’’